गाशा गुंडाळण्याआधीची दीड वर्षं

मंडळी, या शनिवारचा विषय आहे घोड्यावरचं टपाल.

१९५९ साली अमेरिकन टीव्हीवर 'पोनी एक्सप्रेस' नावाची एक मालिका सुरू झाली. अर्ध्या अर्ध्या तासाचे कृष्णधवल भाग, आणि ग्रँट सलिव्हन हा नट ब्रेट क्लार्क नावाच्या, टपाल कंपनीच्या एका माणसाच्या भूमिकेत. त्या काळात तिकडे काऊबॉय मालिकांचा नुसता पूर आला होता. 'गनस्मोक' १९५५ पासून चालू होती, 'बोनान्झा' १९५९ लाच सुरू झाली. या गर्दीत आपली 'पोनी एक्सप्रेस' १९६० मध्ये बंदही पडली. पुढे १९८९ मध्ये याच विषयावर 'द यंग रायडर्स' आली आणि ती मात्र १९९२ पर्यंत टिकली. गंमत म्हणजे खरी पोनी एक्सप्रेस चालली फक्त दीड वर्ष. म्हणजे मालिका मूळ कंपनीच्या जवळजवळ दुप्पट चालली! :)

या मालिकांमध्ये काय असतं ते न बघताही सांगता येईल. धुळीचा लोट, त्यातून येणारा घोडेस्वार, मागे लागलेले दरोडेखोर, गोळीबार, आणि शेवटी पत्र वेळेवर पोचतं. यात खोटं फार नाही. पण ज्याला रोज मोठ्या सिस्टिमच्या पोटात शिरून काम करावं लागतं, त्याला एक प्रश्न पडतोच पडतो. हे सगळं चालायचं कसं? घोडे कुठून यायचे, चारा कोण आणायचं, पैसे कोण द्यायचं? तर आज तेच बघू.

प्रश्न काय होता?

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, लोंढेच्या लोंढे तिकडे गेले, आणि १८५० मध्ये कॅलिफोर्निया रीतसर अमेरिकेचं राज्य झालं. पण हे राज्य आणि बाकीचा देश यांच्या मध्ये हजारो मैलांची गवताळ मैदानं, दोन मोठ्या पर्वतरांगा आणि वाळवंट. टपाल जायचं बोटीने. आधी पनामापर्यंत, मग तिथली जमिनीची चिंचोळी पट्टी ओलांडायची, आणि पुन्हा दुसऱ्या बोटीने वर सॅन फ्रान्सिस्को. यात तीन-चार आठवडे सहज जायचे.

१८५८ मध्ये बटरफिल्डच्या कंपनीने घोडागाडीने जमिनीवरून टपाल न्यायला सुरुवात केली. सरकारी कंत्राट होतं, मुदत २५ दिवसांची. पण रस्ता पार दक्षिणेला वळसा घालून, टेक्सासमधून जायचा, सुमारे २८०० मैल. मधला रस्ता सरळ होता, जवळ होता, पण हिवाळ्यात तिकडे बर्फ पडतं, तिथून वर्षभर टपाल जाणं शक्यच नाही असं वॉशिंग्टनमधल्या मंडळींचं ठाम मत होतं.

इथे आपले तीन शेठ येतात. विल्यम रसेल, अलेक्झांडर मेजर्स आणि विल्यम वॉडेल. हे मूळचे मालवाहतूकदार. बैलांच्या गाड्यांवरून लष्कराला रसद पोचवायची हा यांचा धंदा. १८५७ मध्ये यूटामधल्या मॉर्मन लोकांवर लष्कर पाठवलं गेलं, त्यावेळी यांच्या गाड्या जाळल्या गेल्या, बैल बर्फात मेले, आणि सुमारे पाच लाख डॉलरची भरपाई सरकारने दिलीच नाही. म्हणजे कंपनी आधीच कर्जात.

अशा वेळी माणूस काय करतो? शहाणा असेल तर खर्च कमी करतो. रसेल हा दुसऱ्या जातीचा होता. त्याने ठरवलं, मधल्या रस्त्याने दहा दिवसांत पत्र पोचवून दाखवायचं, म्हणजे सरकार झक मारत मोठं टपाल कंत्राट आपल्याला देईल. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर पोनी एक्सप्रेस हा डेमो होता. अतिशय महागडा डेमो, उसन्या पैशावर केलेला, न मागितलेल्या टेंडरसाठी. (ओळखीचं वाटलं का कुणाला?)

यंत्रणा

आता डेमो म्हणून असेना का, पण रचना मात्र मानली पाहिजे.

मिसूरीतल्या सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपर्यंत सुमारे १९०० मैल. किलोमीटरमध्ये तीन हजारांच्या वर. पुण्याहून दिल्लीला जाऊन परत पुण्याला यायचं, त्याहून थोडं जास्तच. हे दहा दिवसांत म्हणजे ताशी आठ मैल, रात्रंदिवस, डोंगर-नदी-बर्फ सगळं धरून. एका घोड्याला किंवा एका माणसाला हे जमणं शक्य नाही. म्हणून वाटेवर दर दहा-पंधरा मैलांवर ठाणं. तिथे घोडा बदलायचा. आणि दर ७५ ते १०० मैलांवर मोठं ठाणं, तिथे स्वार बदलायचा. पूर्ण बहरात असताना अशी सुमारे १९० ठाणी होती, चारशेहून अधिक घोडे आणि ऐंशीच्या आसपास स्वार.

घोडा बदलायला वेळ किती? दोन मिनिटं. आणि इथे या सगळ्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट येते. टपालाची पिशवी खोगिराला बांधलेली नसायचीच. 'मोचिला' नावाचं एक चामड्याचं आच्छादन असायचं, खोगिराच्या वर नुसतं टाकायचं. मराठीत याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, गाशा! आपण 'गाशा गुंडाळला' म्हणतो ना, तो मूळचा हाच, खोगिरावर टाकायचं कापड. या चामडी गाशाला चार कोपऱ्यांत चार कप्पे. तीन कुलूपबंद, ते ठरावीक ठिकाणीच उघडायचे. चौथा कप्पा वाटेतल्या टपालासाठी, आणि त्यातच वेळेची नोंद करायचं कार्ड. स्वार त्या गाशावर बसायचा, त्यामुळे त्याच्याच वजनाने तो जागेवर राहायचा. ठाण्यावर आला की खाली उडी, गाशा ओढला, दुसऱ्या घोड्यावर टाकला, वर चढला, चालला.

म्हणजे बघा, घोडा बदलतो, खोगीर बदलतं, माणूस बदलतो, न बदलता सेंट जोसेफपासून सॅक्रामेंटोपर्यंत जातो तो फक्त गाशा. बाकी सगळं बदलता येण्यासारखं आणि मधे जाणारा डेटा मात्र हातही न लागता पुढे. पुढे शंभर वर्षांनी ज्यांनी संगणकांची जाळी विणली त्यांना हे बघून बरं वाटलं असतं.

टपालाची मर्यादा २० पौंड, म्हणजे साधारण नऊ किलो. पत्रं पातळ कागदावर लिहायची, मग तेल लावलेल्या रेशमी कापडात गुंडाळायची, नदी ओलांडताना भिजू नयेत म्हणून. दर सुरुवातीला अर्ध्या औंसाला, म्हणजे जेमतेम १४ ग्रॅमला, पाच डॉलर! त्या काळात ही रक्कम भयंकर होती. त्यामुळे प्रेमपत्रं वगैरे विसरा. पाठवणारे म्हणजे व्यापारी, बँका, वर्तमानपत्रं आणि सरकारी कचेऱ्या.

आणि मालिकेतल्यासारखे स्वार घरोघरी पत्रं वाटत हिंडायचे नाहीत. प्रत्येकाचा आपापला ७५-१०० मैलांचा तुकडा. आज इकडून तिकडे, पुन्हा टपाल आलं की तिकडून इकडे. तोच रस्ता, तेच दगड. 'यंग रायडर्स'मध्ये सगळी पोरं एकाच ठाण्यावर मजेत एकत्र राहतात, ते पटकथेच्या सोयीसाठी. :)

हिशेब

३ एप्रिल १८६० च्या संध्याकाळी सेंट जोसेफहून पहिला स्वार सुटला, तोही उशिरा, कारण पूर्वेकडून टपाल आणणाऱ्या माणसाची वाटेत गाडी चुकली होती. (म्हणजे पहिल्याच दिवशी उशीर झाला तो रेल्वेमुळे, घोड्यामुळे नाही.) त्या पहिल्या फेरीत पत्रं होती ४९. ती १३ एप्रिलला सॅक्रामेंटोला पोचली. दहा दिवस म्हटले होते, दहा दिवस लागले. गावात जल्लोष झाला, रसेलचा डेमो यशस्वी.

आता जरा कॅल्क्युलेटर घ्या. २० पौंड म्हणजे ३२० औंस, म्हणजे अर्ध्या औंसाची ६४० पत्रं. पाच डॉलरने ३२०० डॉलर. गाशा काठोकाठ भरला तर एका फेरीचं जास्तीत जास्त उत्पन्न हे. पहिल्या फेरीत आले असतील अडीचशेच्या आसपास. तो कधी असा काठोकाठ भरतच नव्हता. अख्ख्या दीड वर्षात मिळून सुमारे पस्तीस हजार पत्रं गेली असं सांगतात. आणि खर्चाच्या बाजूला? १९० ठाणी, प्रत्येकी निदान दोन माणसं, चारशे घोडे. वाळवंटातल्या ठाण्यांवर गवतसुद्धा उगवत नाही, म्हणजे घोड्यांचा दाणा शेकडो मैलांवरून गाडीने आणायचा. नऊ किलो पत्रांसाठी टनावारी धान्य. हे गणित कोणत्याही दराने बसणारं नव्हतंच. ते बसणार होतं फक्त सरकारी कंत्राटाने.

मे १८६०

सेवा सुरू होऊन महिना होतोय न होतोय तोच आजच्या नेवाडा राज्याच्या भागात युद्ध पेटलं. मालिकांमध्ये याचं चित्र ठरलेलं असतं, की 'इंडियन' टोळ्या विनाकारण हल्ला करतात आणि शूर स्वार निसटतो. कारण काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो.

तो मुलूख पायूट लोकांचा. १८५९ मध्ये तिथे चांदीची मोठी खाण, कॉमस्टॉक, सापडली आणि हजारो लोक येऊन धडकले. पिन्यॉन नावाच्या पाइन झाडाच्या बिया हे पायूटांचं हिवाळ्यातलं अन्न. तीच झाडं खाणीसाठी आणि सरपणासाठी सपासप तोडली गेली. त्यात १८५९-६० चा हिवाळा फार कडक गेला. वसंतात पिरॅमिड लेकपाशी पायूटांचे सगळे नायक जमले. बहुतेकांचं म्हणणं, लढायचं. नुमागा नावाचा एक नायक मात्र युद्ध नको म्हणून विनवत होता. तेवढ्यात विल्यम्स स्टेशन या ठाण्यावरच्या माणसांनी दोन पायूट मुलींना पळवून डांबून ठेवल्याची बातमी आली. मे महिन्याच्या सुरुवातीला ते ठाणं जाळलं गेलं, तिथली माणसं मारली गेली. मग सूड म्हणून मेजर ऑर्म्सबी शंभरेक हौशी स्वयंसेवक घेऊन निघाला आणि १२ मे १८६० रोजी पिरॅमिड लेकजवळ सापळ्यात सापडला. ७६ जण ठार, स्वतः ऑर्म्सबीसुद्धा. जूनमध्ये मोठी फौज आली आणि पायूटांना मागे रेटलं.

यात टपालाच्या वाटेवरची सात ठाणी उद्ध्वस्त झाली, कंपनीची सुमारे सोळा माणसं मेली, दीडशे घोडे गेले. काही आठवडे सेवा बंद ठेवावी लागली.

याच धामधुमीत बॉब हॅसलम या स्वाराची सुप्रसिद्ध फेरी झाली. आपला टप्पा संपवून तो बकलंड्सच्या ठाण्यावर आला, तर पुढचा स्वार जायला तयार होईना. मग हाच पुढे निघाला, एकूण १९० मैल. थोडी विश्रांती, आणि परतीचं टपाल घेऊन पुन्हा तोच रस्ता उलटा. ३८० मैल! पोनी एक्सप्रेसच्या प्रत्येक पुस्तकात ही गोष्ट असते, आणि असायलाच हवी.

पण त्या गोष्टीत एक ओळ असते ती वाचून मी थांबलो. परत येताना हॅसलम कोल्ड स्प्रिंग्ज ठाण्यावर पोचला, तर तिथला ठाणेवाला मारला गेला होता आणि घोडे पळवलेले होते. एवढंच. पुढच्या वाक्यात हॅसलम पुढे निघतो, गोष्टही त्याच्याबरोबर पुढे निघते.

जरा विचार करा. स्वाराकडे निदान वेगवान घोडा होता. संकट आलं तर टाच मारून पळायची सोय होती. ठाण्यावरच्या दोन माणसांकडे काय होतं? मातीच्या किंवा दगडाच्या चार भिंती, थोडा शिधा, आणि बांधलेले घोडे. आजूबाजूला पंधरा मैल कुणी नाही. त्यांचं काम एवढंच, की रात्री दोन वाजता जरी लांबून आरोळी आली तरी खोगीर घातलेला ताजा घोडा दारात तयार हवा. युद्धात मेली ती मुख्यतः हीच माणसं, ठाणेवाले आणि मोतद्दार. मालिका निघाली ती स्वारांवर.

आमच्याकडे रात्रपाळीला सपोर्टवर बसणारी पोरं असतात. सर्व्हर चालू असतो तोवर ती आहेत हे कुणाला ठाऊकही नसतं. तुलना थोडी ताणली गेलीय, मान्य, आमच्या पोरांना फार तर झोप नसते. पण जात तीच.

तार

आता खलनायक, म्हणजे मला तरी नायकच वाटतो. जून १८६० मध्ये, म्हणजे पोनी एक्सप्रेसला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, अमेरिकन संसदेने पॅसिफिकपर्यंत तारायंत्राची लाइन टाकायचा कायदा केला. ४ जुलै १८६१ ला प्रत्यक्ष काम सुरू झालं. पूर्वेकडून एडवर्ड क्रायटनची माणसं, पश्चिमेकडून जेम्स गॅम्बलची. वाळवंटात झाड नाही, खांब लांबून आणायचे, बैलगाड्यांवरून.

मधल्या काळात जे झालं ते फार सुंदर आहे. तारेची दोन टोकं जशी जवळ येत गेली तसा घोडा फक्त मधली दरी भरायला लागला. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आल्याची बातमी नेब्रास्कातल्या फोर्ट कर्नीपर्यंत तारेने आली, तिथून घोड्यावरून नेवाडातल्या फोर्ट चर्चिलपर्यंत, आणि पुढे पुन्हा तारेने कॅलिफोर्नियात. मार्च १८६१ मध्ये लिंकनचं पहिलं भाषण या दोन तारांच्या मधलं अंतर ७ दिवस १७ तासांत कापून गेलं. तो विक्रम समजला जातो. म्हणजे नवीन तंत्रज्ञान येईपर्यंत जुनं त्याच्यासाठी काम करत होतं, स्वतःच्याच सुट्टीची तयारी करत.

२४ ऑक्टोबर १८६१ ला सॉल्ट लेक सिटीत दोन्ही तारा जोडल्या गेल्या. कॅलिफोर्नियाचे मुख्य न्यायाधीश स्टीफन फील्ड यांनी लिंकनला तार केली. दोनच दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, पोनी एक्सप्रेस बंद झाल्याचं जाहीर झालं. गाशा गुंडाळला, अगदी शब्दशः.

पण मारलं तारेने नाही

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपते, की घोडा हरला, तार जिंकली. पण कंपनी त्याआधीच मेली होती.

१८६० च्या उत्तरार्धात रसेलकडे पैसे संपले. वॉशिंग्टनमध्ये गृहखात्यातल्या एका कारकुनाला हाताशी धरून त्याने सरकारी रोखे तारण म्हणून उचलले. एकूण रक्कम ८,७०,००० डॉलर. आणि हे रोखे कुठले? मूळ रहिवासी जमातींसाठी सरकारने विश्वस्त म्हणून सांभाळून ठेवलेल्या निधीतले! डिसेंबर १८६० मध्ये हे बाहेर आलं, रसेलला अटक झाली. पुढे कायद्याच्या तांत्रिक मुद्द्यावर तो सुटला, पण पत संपली.

आणि विनोद असा, की डेमो चालला होता! मधल्या रस्त्याने हिवाळ्यातही टपाल जातं हे सिद्ध झालं होतं. यादवी युद्धाच्या तोंडावर टेक्सास फुटून निघालं तेव्हा मार्च १८६१ मध्ये संसदेने टपाल मधल्या रस्त्यावर आणलं. वर्षाला दहा लाख डॉलरचं कंत्राट. मिळालं कुणाला? बटरफिल्डवाल्या ओव्हरलँड मेल कंपनीला, कारण दक्षिणेतला त्यांचा रस्ता बंद पडला होता. रसेलच्या कंपनीच्या वाट्याला पूर्वेकडच्या अर्ध्या भागाचं पोटकंत्राट आलं. १८६२ मध्ये सावकार बेन हॉलडे याने तीही लिलावात घेतली.

या सगळ्यात ठाण्यांवरच्या माणसांचे पगार थकलेले. कंपनीच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं घेऊन कामगारांनीच एक विनोद केला होता, की याचा अर्थ 'खिसा साफ आणि पगार माफ' असा काहीतरी होतो.

मग ही आठवण टिकली कशी?

शोबिझनेसमुळे. १८८३ मध्ये बफेलो बिल कोडीने आपला 'वाइल्ड वेस्ट' खेळ सुरू केला आणि त्यात पोनी एक्सप्रेसचा प्रवेश कायमचा घातला. स्वार येतो, गाशा बदलतो, जातो. लाखो लोकांनी ते पाहिलं. कोडी म्हणायचा, मी स्वतः स्वार होतो. १८६० मध्ये तो १४ वर्षांचा होता, आणि या दाव्यावर अनेक इतिहासकारांचा विश्वास नाही. १८९३ मध्ये म्हाताऱ्या मेजर्सचं आत्मचरित्र निघालं, त्यालाही मदत कोडीचीच. 'अनाथ असल्यास प्राधान्य' अशी ती सुप्रसिद्ध नोकरीची जाहिरात घ्या, टी-शर्टवर छापतात ती. १८६० च्या वर्तमानपत्रांत तिचा मूळ नमुना सापडलेला नाही. 'यंग रायडर्स' ही अख्खी मालिका याच अनाथ पोरांच्या कल्पनेवर उभी आहे. त्यात वाइल्ड बिल हिकॉक स्वार दाखवलाय. खरा हिकॉक रॉक क्रीक ठाण्यावर घोडे सांभाळायला होता. म्हणजे मोतद्दाराला पडद्यावर यायचं तर आधी स्वार व्हावं लागतं!

मालिकांवर माझा राग नाही. त्या नसत्या तर दीड वर्षात बुडालेल्या एका टपाल कंपनीचं नाव आज कुणाला ठाऊक असतं? सात दिवसांवरची बातमी सात मिनिटांवर आणली त्या क्रायटन-गॅम्बलच्या खांब रोवणाऱ्या माणसांवर कुणी मालिका काढली नाही. खांब रोवणं दिसायला फारच कंटाळवाणं.

पण पुढच्या वेळी अशा जुन्या मालिकेत स्वार ठाण्यावर येऊन उडी मारेल ना, तेव्हा एक करा. त्याच्याकडे बघू नका. त्या दोन मिनिटांत लगाम धरून उभा असलेल्या माणसाकडे बघा. बहुतेक त्याला एकही संवाद नसेल.

असो. उद्या रविवार आहे, पण आमचं रिलीज आहे. भेटू पुढच्या शनिवारी.